काकांनी पास न केलेलं औषध

"होल्डला ठिवा."

हे दोन शब्द मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. म्हणायच्या आधी काका हातातली वस्तू लांब धरायचे, डावा डोळा मिटायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि मग अगदी हळू आवाजात निकाल द्यायचे. वस्तू कुठलीही असो. चहाचा कप, काचेची स्लाइड, माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण. एकदा कॅन्टीनवाल्यानं त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, तर तीही त्यांनी तशीच लांब धरून बघितली आणि "मोहरी तडतडली न्हाई, होल्डला ठिवा" म्हणून परत केली. पोहे होल्डला कसे ठेवतात हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ते मला दिले. मोहरी खरंच कच्ची होती, पण म्हणून काय झालं?

तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस असेलच. असला तर तुम्हाला माझी कीव येईल. नसला तर तुम्ही नशीबवान, पुढचं नुसतं गंमत म्हणून वाचा.

काका आमच्या लॅबमध्ये आले तेव्हा माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. लॅब म्हणजे ताथवड्याच्या एका कॉलेजातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. तिथे आम्ही स्टेम सेलपासून माणसाच्या हृदयाच्या स्नायूपेशी वाढवतो. पातळ गुलाबी पाण्यासारख्या द्रावात, प्लास्टिकच्या बशीत त्या वाढतात आणि दहा-बारा दिवसांत आपल्या आपण धडधडू लागतात.  

काका चाकणच्या एका गिअरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. एके दिवशी फर्स्ट शिफ्टला, लाइनवर उभे असतानाच त्यांना हार्ट अटॅक आला. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मेला तो मेलाच. डॉक्टरांनी आठ तास उभं राहायची बंदी केली आणि कंपनीनं नारळ दिला. आमच्या सरांच्या कुणा ओळखीच्यानं शब्द टाकला म्हणून ते आमच्याकडे मदतनीस म्हणून लागले. बशा मांडायच्या, इनक्युबेटरचं तापमान लिहायचं, असलं बसून करायचं काम.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हितं हार्ट रिपेर करत्यात म्हनं?"

"करत नाही, काका. करता येईल का ते बघतो."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. बोट कापलं की कातडीच्या पेशी एकीच्या दोन होतात आणि जखम भरते. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र जन्मानंतर लवकरच हे सोडून देतात. पुढे त्या आकारानं वाढतात, संख्येनं जवळजवळ वाढत नाहीत. एखादा तुकडा मेला तर तिथे व्रण धरतो, तो नुसता ठिगळासारखा धरून ठेवतो, धडधडत नाही. पेशीला दुभंगू न देणारा जो ब्रेक असतो तो सोडवणारं एक औषध, आरएनएचा एक इवलासा रेणू, मी बशीत टाकून बघत होते. तेच माझं पीएचडी.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माझा जो कोपरा बंद पडलाय, तितं नवा माल भरता यील?"

"कदाचित. खूप वर्षांनी. आधी बशीत तर होऊ दे."

"व्हऊ द्या की," म्हणून ते हात धुवायला गेले. कोपरापर्यंत साबण लावून, कारखान्यातलं ऑइल काढतात तसे. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस माझ्या औषधाच्या रांगेत उभा आहे. आणि त्या दिवसापासून त्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कारखान्यात चांगला माल हिरव्या डब्यात जातो, भंगार लाल डब्यात, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे तो पिवळ्या डब्यात, म्हणजे उद्या परत बघायचा. आमच्या लॅबमध्ये पिवळ्या पिशवीतला माल थेट जाळायला जातो. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रंगवून ठेवलेल्या अठरा बशांचा रंग त्यांना किंचित फिका वाटला. त्यांनी त्या एकेक करून, अंडी ठेवतात तशा अलगद, पिवळ्या डब्यात रचल्या आणि वर चिठ्ठी ठेवली, 'होल्ड. सकाळी परत बघणे.' सकाळी कचऱ्याची गाडी आमच्या आधी आली.

माझी सहा आठवड्यांची मेहनत त्या गाडीतून गेली. मी आधी रडले आणि मग ओरडले. काका खाली मान घालून उभे होते. माझं ओरडून संपल्यावर त्यांनी विचारलं, "पिवळ्याला तुमच्याकडं दुसरा चान्सच न्हाई?"

"नाही!"

"मंग तुमची शिस्टीम चुकीची हाय, मॅडम."

मी कपाळाला हात लावला. पण त्या अठरा बशा परत तयार करायला पुढचे सगळे रविवार काका न बोलावता येत राहिले. रविवारच का, तर गुरुवारी ते येत नसत. एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, सव्वीस वर्षं त्यांनी गुरुवार पाळला होता आणि कॉलेजनं सांगितलं म्हणून तो बदलायला ते तयार नव्हते. पेशींना सुट्टी नसते, त्यांना दर दोन दिवसांनी ताजा द्राव द्यावा लागतो, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मंग गुरुवारी तुमी द्या, ऐतवारी मी देतो. दोनी शिफ्ट भरल्या." आणि तळेगाव-चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत, दोन बस बदलून, ते रविवारी माझ्याआधी हजर असायचे.

गिअरच्या दातावरची केसाएवढी चीर शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला सूक्ष्मदर्शक शिकायला महिनाही लागला नाही. सरांनी त्यांना पेशी मोजायला बसवलं आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. कारण काका बशीवर नाव दिसलं तर बघायचेच नाहीत. कुठल्या बशीत औषध आहे आणि कुठल्या बशीत नाही, हे मी झाकणावर लिहीत असे. ते म्हणायचे, "नाव झाका आदी." मग सगळ्या झाकणांवर मी कागदाची पट्टी लावायची, पट्टीवर नुसता आकडा, कुठला आकडा कुठल्या बशीचा ती यादी सरांच्या कपाटात, आणि काकांची मोजणी त्यांच्या खिशातल्या डायरीत. मोजून होईपर्यंत ती डायरी देवाला मागितली तरी मिळायची नाही.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचा सख्खा मेव्हणा त्याच कारखान्यात मशीनवर होता. एकदा त्याचा अख्खा लॉट काकांच्या टेबलावर आला. "बगताना मला ठावं हुतं कुनाचा हाय. चार पीस जरा शंकेचे हुते, सोडले मी. चांगलेच हायत म्हनून सोडले, पन सोडले. घरी गेलो तर जेवान जाईना. दुसऱ्या दिशी जाऊन समदा लॉट परत काढला आन् चारी रिजेक्ट केले." मेव्हणा पुढे सहा वर्षं बोलला नाही. काकांनी मग सुपरवायझरला सांगून मालावरची नावं झाकायची पद्धत पाडली. ऐकून सर खूश झाले. म्हणाले, शास्त्रात हेच करतात. करतात हे मलाही माहीत होतं. पण मी घाईत होते आणि नावं उघडी ठेवून मोजत आले होते. असं कुणी चारचौघांत लक्षात आणून दिलं की त्या माणसावर प्रेम बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी गणपतीच्या आधी माझं औषध लागू पडलं.

निदान मला तसं वाटलं. नवा डीएनए तयार करणाऱ्या पेशींचं केंद्रक हिरवं चमकावं असा रंग आम्ही वापरतो. औषध घातलेल्या बशा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि अंधारात नुसते हिरवे ठिपके. बिनऔषधाच्या बशीत तुरळक. मी तिथूनच बाबांना फोन केला. बाबा पिंपरीच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, आमच्या घरातली मी पहिली पीएचडी. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं की पोरीनं हार्टचं औषध शोधलं. माझी मुदत फेब्रुवारीत संपत होती आणि प्रबंधाचं हे एकच प्रकरण राहिलं होतं. सर शोधनिबंध लिहायला बसले. मी चिंचवडहून पेढे आणले.

काकांनी पेढा घेतला नाही. "मोजून झाल्यावर."

दोन दिवस ते सूक्ष्मदर्शकापासून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांकडून यादी घेऊन त्यांनी डायरी उघडली आणि माझ्यापुढे सरकवली.

"हिरव्या लई हायत, मॅडम. पन पेशी वाढल्या न्हाईत."

"म्हणजे काय?"

"मी नुसत्या हिरव्या न्हाई मोजल्या. समद्याच मोजल्या. औषधाच्या बशीत जेवढ्या, तेवढ्याच बिगर औषधाच्या. एकीच्या दोन झाल्या असत्या तर जास्ती भरल्या असत्या ना? एका चासीत दोन इंजिनं बशिवली म्हनून दोन गाड्या व्हत न्हाईत."

 हे मला माहीत होतं. हृदयाच्या स्नायूपेशीची ही जुनी खोड आहे. ती केंद्रक दुप्पट करते, दोन केंद्रकं घेऊन बसते आणि दुभंगत मात्र नाही. प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रकरणात मी ते लिहिलं होतं.

माणसाला आपली चूक कळली की तो जास्त भांडतो. मीही भांडले. म्हटलं, सगळं जग हिरवे ठिपके मोजतं. म्हटलं, तुम्ही मदतनीस आहात, परीक्षक नाही. ते ऐकून घेत होते, आणि ऐकून घेणाऱ्या माणसाचा फार राग येतो. शेवटी जे बोलू नये ते मी बोलले. "काका, हे तुमच्याच हृदयासाठी चाललंय. दुसऱ्या कुणी अडवलं असतं तर समजले असते. तुम्हाला पास करायला काय होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हटलं नाही.

"पोरी, माझ्यासाठी हाय म्हनूनच तर. ह्यो मेव्हण्याचा माल हाय."

मी पेढ्यांचा बॉक्स उचलून शेजारच्या लॅबमध्ये देऊन आले.

काकांना खोटं पाडायचं म्हणून मी जिवंत पेशींची फिल्म घेतली. दर दहा मिनिटांनी एक फोटो, सलग तीन दिवस. मग दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून ती बघत बसलो. पेशी दुभंगायची तर आधी तिला धडधड थांबवावी लागते. आतले आकुंचन पावणारे धागे सोडवून ठेवावे लागतात, मग ती गोल होते, मध्ये कंबर आवळली जाते आणि दोन होतात. आमच्या पेशी थांबत होत्या, गोल होत होत्या, कंबर आवळायला लागायची, आणि सुटायची. परत एकच पेशी, पोटात दोन केंद्रकं.

"सुटली," काका म्हणायचे. थोड्या वेळानं परत, "हीबी सुटली."

मध्येच म्हणाले, "लाइन बंद केल्याबिगर मेंटेनन्स व्हत न्हाई, मॅडम. आन् हार्टची लाइन बंद कशी करायची? म्हनून ते बिचारं तसंच रेटतंय." माझ्या प्रबंधाच्या दोनशे पानांत हे एवढं सरळ कुठेच लिहिलेलं नव्हतं, याचाही मला रागच आला.

फिल्ममधल्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी एका पेशीची कंबर सुटली नाही. आवळत गेली, आवळत गेली आणि तुटली. दोन पेशी झाल्या. काही तासांनी दोन्ही पसरल्या आणि आधी एक, मग दुसरी, धडधडू लागली. काका खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"ही पास," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर सगळं नव्यानं करावं लागलं. प्रबंधातला दावा एवढासा झाला. हे औषध हृदयाच्या पेशींना तयारीला लावतं, दुभंगवत नाही. अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशी खरोखर एकीच्या दोन होतात, आणि त्याच का, हे माहीत नाही. सरांनी शोधनिबंध मागे घेतला. मी वर्षभराची मुदतवाढ मागितली. बाबांना सांगायला गेले तेव्हा वाटलं होतं, ते तरी माझी बाजू घेतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "इन्स्पेक्टर कुठला?" चाकणचा, गिअरमधला, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग बरोबर असेल त्याचं." कारखान्यातली माणसं एकमेकांना न बघताही ओळखतात. मी जेवायला न थांबता निघाले.

त्या वर्षात काकांचं चालणं मंदावलं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ते बराच वेळ उभे दिसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "आग विझवायच्या नळकांड्याची तारीख बगतोय." रोज एकच तारीख! मी सरांना सांगून त्यांची खुर्ची तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये हलवली, तर दुसऱ्या दिवशी ती परत वर. लिफ्टची गोष्ट काढली की म्हणायचे, लिफ्टला एवढ्या हिसक्यानं थांबायची सवय असेल तर तिची तपासणी राहिली आहे. एकदा मी चिडून म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन आलात का? तर म्हणाले, "गेलतो. होल्डला ठिवलंय." आणि वर हसले. मला त्या दिवशी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, आणि तेच करता येत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी काका आले नाहीत. गुरुवार असता तर मला काही वाटलं नसतं.

महिन्याभरानं काकू लॅबमध्ये आल्या. एकट्याच, बस बदलत. काकांचा पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून पिशवीत आणला होता. कॉलेजचा आहे, ठेवून कसा घ्यायचा, म्हणाल्या. मी त्यांना काकांच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. त्या खोलीभर नजर फिरवत होत्या.

"ताई, ते औषध कुठं हाय?"

मी फ्रीजमधली इवलीशी नळी काढून दाखवली. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच बघितली.

"ह्येच का? मला सांगायचे, पोरीचं औषध पास झालं. मी सोता पास केलं. म्हनायचे, आता कुठली तरी कंपनी काढंल, दोन वर्सात मला टोचत्याल, बंद पडलेला कोपरा चालू व्हईल. तू घोर करू नगं."

खरं सांगते, त्या माणसाचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. माझं वर्ष खाल्लं, पेढे नाकारले, सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नाही, आणि घरी जाऊन खुशाल पास करून मोकळा! आता मी या बाईला काय सांगू? मान डोलवली असती तर चाललं असतं. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझी मान हलेना.

"काकू, ते पास झालेलं नव्हतं," मी म्हटलं. "काकांनीच केलं नव्हतं."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"अवो, चाळीस वर्सांत माझी भाकरी त्या मानसानं पयल्या दमात पास केली न्हाई. आन् तुमचं औषध एका दमात पास? तवाच वळखलं मी." त्यांनी पदरानं चहाचा कप धरला. "पन बोलले न्हाई. त्यांना वाटलं, मला पटलंय. वाटू दिलं."

मी नळी फ्रीजमध्ये ठेवली. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. काकूंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "खरंखुरं पास केल्यालं काय हाय का मंग?"

मी फिल्म लावली. ती एक पेशी. कुठे बघायचं ते बोटानं दाखवलं. काकूंनी खुर्ची पुढे ओढली. पेशी धडधडत होती, मग मंदावली आणि थांबली.

"बंद पडली?"

"थांबलीये. दुभंगायच्या आधी थांबावं लागतं."

पेशी गोल झाली, कंबर आवळत गेली आणि दोन झाल्या. त्या काही वेळ तशाच गप्प राहिल्या. मग एक धडधडली, पाठोपाठ दुसरी.



"त्यांचंबी असंच थांबलं हुतं," काकू म्हणाल्या. "चहा घेऊन गेले तर थांबल्यालं. छातीवर हात ठिवून बसले मी. मला वाटलं, हुईल सुरू."

खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी काढत होतं. काकूंनी पडद्याकडे बोट केलं.

"परत लावा."

मी परत लावलं.